जिल्ह्यात राहून टीव्हीची बातमीदारी कशी करावी

मुंबईहून आलेला रिपोर्टर दोन दिवस राहतो, लाइव्ह देतो आणि देवगिरी एक्स्प्रेसने परत जातो. जिल्ह्याच्या रिपोर्टरला त्याच गावात राहायचं असतं. ज्याच्या पडलेल्या भिंतीचा शॉट घेतला तो माणूस उद्या मोंढ्यात (धान्यबाजारात) समोर येतो. ज्या पीआयला (पोलीस निरीक्षकाला) अडचणीचा प्रश्न विचारला त्याच्याच ठाण्यात परवा एफआयआरची प्रत मागायला जावं लागतं. म्हणून इथे एक चुकीची बातमी वर्षभर पाठ सोडत नाही, आणि नीट केलेली बातमीही तितकीच लक्षात राहते. मराठवाड्यातल्या एखाद्या जिल्ह्यातून टीव्हीसाठी काम सुरू करणाऱ्या मुलामुलींना कामाची पद्धत, साहित्य, आकड्यांचे हिशेब आणि नेहमी होणाऱ्या चुका एका जागी सापडाव्यात म्हणून हे लिहिलं आहे.

शिरकाव

बहुतेक वाहिन्यांची रचना अशी असते: मुंबईत असाइनमेंट डेस्क (कोणती बातमी कोणी करायची ते ठरवणारा विभाग), छत्रपती संभाजीनगरात विभागाचा ब्युरो किंवा प्रतिनिधी, जिल्ह्याला एक रिपोर्टर किंवा स्ट्रिंगर, आणि कुठे कुठे तालुक्यालाही एखादा. पगारी रिपोर्टरची संख्या कमी आहे. बहुतेक जण स्ट्रिंगर म्हणूनच सुरुवात करतात, म्हणजे लागलेल्या स्टोरीमागे पैसे किंवा महिन्याला ठरलेली ठोक रक्कम.

शिक्षणासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात आणि नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात पत्रकारितेचे अभ्यासक्रम आहेत. पदवी असली तर पुढे डेस्कवर किंवा मुंबईत जाताना उपयोग होतो. पण जिल्ह्यात घेताना विचारतात ते वेगळं: गाडी आहे का, रात्री निघाल का, आणि एसपी ऑफिस, कलेक्टर ऑफिस, झेडपी इथे ओळखी आहेत का. त्यामुळे शिकत असतानाच एखाद्या दैनिकाचं तालुका वार्ताहराचं काम धरावं. वर्षभर ग्रामसभा, बाजार समिती आणि ठाण्याची डायरी केली की जिल्हा कळायला लागतो.

बूम (वाहिनीचा लोगो लावलेला माईकचा दांडा) हातात घेण्याआधी चार गोष्टी लेखी मागा. स्टोरीचे पैसे पाठवल्यावर मिळणार की लागल्यावर? दर किती आणि किती दिवसांनी? पेट्रोल कोणाचं? आणि जाहिरातीचं टार्गेट आहे का? ओळखपत्रासाठी किंवा बूमसाठी तुमच्याकडूनच डिपॉझिट मागणाऱ्या संस्थेच्या नादी लागू नका. ती बातमीचं काम देत नसते, कार्ड विकत असते. जाहिरातीचं टार्गेट घेतलेल्या माणसाला ज्या पुढाऱ्याकडून वाढदिवसाची जाहिरात आणायची त्याच्याच रस्त्याचं निकृष्ट काम दाखवायचं असतं, आणि तिथे बातमी मरते. घरभाड्याची गरज असेल तर दुसरं स्वच्छ काम करा: लग्नाचं शूटिंग, शिकवणी, दुकान. जाहिरात मात्र रिपोर्टरने आणू नये.

पैसे उशिरा येतात, हे धरूनच चालावं. पाठवलेल्या प्रत्येक स्टोरीची तारीख, स्लग (स्टोरीचं छोटं नाव) आणि लागल्याची वेळ वहीत लिहा, महिन्याच्या शेवटी बिलासोबत तीच यादी जोडा. वाहिनीने टीडीएस कापला असेल तर तो आपल्या पॅनवर जमा झालाय का, हे दर तिमाहीला पाहा.

माणसं जोडणं

नांदेड जिल्ह्यात १६ तालुके आहेत, बीडमध्ये ११. किनवट-माहूरकडे निघालात तर नांदेडहून शंभरावर किलोमीटर जावं लागतं. सगळीकडे स्वतः पोहोचणं शक्य नाही, म्हणून प्रत्येक तालुक्यात निदान चार माणसं हवीत: १०८ रुग्णवाहिकेवरचा कोणी, तहसीलमधला एखादा कारकून, बाजार समितीतला आडत्या आणि तिथल्या दैनिकाचा वार्ताहर. शिवाय जिथे ऊसतोड कामगारांचे तांडे आणि वस्त्या आहेत तिथला एखादा मुकादम किंवा शिक्षक. दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात तेव्हा किती उचल (आगाऊ रक्कम) दिली, किती कोयते गेले आणि मुलं कोणाकडे ठेवली हे त्यालाच माहीत असतं. ऊसतोडीत एक कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. ‘हजार कोयते गेले’ याचा अर्थ दोन हजार माणसं, हे डेस्कला समजावून सांगावं लागतं.

या माणसांना फक्त अपघात झाला की फोन करू नका. तालुक्याला गेलात की दहा मिनिटं बसून या. त्यांनी पाठवलेला व्हिडिओ वापरला तर त्यांचं नाव डेस्कला कळवा. आणि त्यांनी दिलेली माहिती ही फक्त खबर आहे. तिची बातमी करण्याआधी अधिकारी किंवा घटनेशी थेट संबंध असलेल्या माणसाशी बोललंच पाहिजे.

साहित्य आणि त्याची मांडणी

एकेकाळी मिनी डीव्ही कॅमेऱ्याची टेप एसटीच्या कंडक्टरकडे देऊन ब्युरोला पाठवत असत. आता बरंचसं काम मोबाइलवर होतं. तरी मोबाइल एवढंच साहित्य म्हणून घराबाहेर पडू नका. दोन फोन ठेवा, एक शूटिंगला आणि एक बोलायला. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम ठेवा, कारण बालाघाटाच्या डोंगरात एकाची रेंज असते तिथे दुसऱ्याची नसते. २०,००० एमएएचची पॉवर बँक, हलका ट्रायपॉड, वायरचा इअरफोन, बूमला जोडायचा माईक, त्यावर वाऱ्यासाठी फरचं कव्हर, आणि चार प्लास्टिकच्या पिशव्या. पावसात यातली सगळ्यात मोलाची वस्तू पिशवीच ठरते.

फोनची सेटिंग एकदाच नीट लावून ठेवा: १०८० पी, आडवी चौकट. फ्रेम रेट २५ मिळत असेल तर २५ ठेवा, आपल्याकडचं टीव्ही प्रसारण त्यावर चालतं. नसेल तर ३० चालतो, पण एका स्टोरीत दोन्ही मिसळू नका, एडिटला झटके येतात. शटर हाताने लावता येत असेल तर रात्री १/५० ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून तिच्याशी न जुळणाऱ्या शटरवर ट्यूबलाइटखाली चित्र लपलप करतं. फोकस आणि प्रकाश बोटाने दाबून लॉक करा, नाहीतर माणूस हलला की चेहरा काळा-पांढरा होत राहतो.

फोरके (४के, म्हणजे फार मोठ्या रिझोल्यूशनचं शूटिंग) कशाला, असं पुष्कळांना वाटतं आणि तरीही फोरकेवर शूट करून ठेवतात. मग फाइल जात नाही. हिशेब करून पाहा: १० एमबीपीएसची (सेकंदाला १० मेगाबिट) फाइल मिनिटाला ७५ एमबी (मेगाबाइट) होते. गावात अपलोडचा वेग २ एमबीपीएस मिळाला तर एका मिनिटाच्या शूटिंगला पाच मिनिटं लागतात. दहा मिनिटांचं कच्चं शूट सरसकट पाठवलं तर पाऊण तासाहून जास्त, तोवर बुलेटिन संपलेलं असतं. म्हणून आधी सगळ्यात बोलके तीन शॉट आणि एक बाईट (कोणी कॅमेऱ्यासमोर बोललेला तुकडा) पाठवा, मग बाकीचं. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवावंच लागलं तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. व्हिडिओ म्हणून पाठवलं की तो दाबला जातो आणि पडद्यावर चौकोन दिसायला लागतात.

उन्हाळ्यात पारा ४२ अंशांवर गेला की फोन तापून बंद पडतो. लाइव्हच्या आधी फोन सावलीत ठेवा, उन्हात चार्जिंगला लावून शूट करू नका, वरून पांढरा रुमाल धरा.

शेतातलं शूट

समजा, रात्री धो धो पाऊस झाला, ओढा फुटला आणि काढून ठेवलेली सोयाबीनची बनीम (रचलेली गंज) वाहून गेली. तुम्ही सकाळी सातला पोहोचलात. बहुतेक नवीन रिपोर्टर गाडीवरून उतरले की थेट बूम पुढे करतात. त्याआधी पाच मिनिटं चित्रं घ्या, कारण चित्र बदलतं: पाणी ओसरतं, माणसं चिखल काढायला लागतात, पुढाऱ्याची गाडी आली की गर्दी होते.

पहिला शॉट लांबचा घ्या. ओढा, वाहून गेलेला बांध आणि शेत एका चौकटीत आलं पाहिजे. मग मधला, शेतकरी आणि त्याचं शेत. मग जवळचे: चिखलात रुतलेली ताडपत्री, शेंगांना फुटलेले कोंब, ओल्या घुगऱ्या झालेले दाणे तळहातावर, पायातली चप्पल. प्रत्येक शॉट मनात दहापर्यंत मोजून स्थिर धरा. पॅन (फोन आडवा फिरवत नेणं) करायचाच असेल तर सुरुवातीला आणि शेवटी पाच सेकंद थांबा. झूम करू नका, दोन पावलं पुढे जा. दर शॉटला आवाजही येऊ द्या. पाण्याचा खळखळाट आणि चिखलातून पाय उचलल्याचा आवाज शब्दांपेक्षा जास्त सांगतो, त्यामुळे शूट चालू असताना स्वतः बोलू नका. उभी चौकट डिजिटलवाल्यांना लागते. ती आडवं सगळं झाल्यावर चार-पाच शॉटपुरती घ्या.

बाईट घेताना सूर्य तुमच्या पाठीशी असावा. फोन माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवा. शेतकरी बांधावर बसलेला असेल तर तुम्हीही खाली बसा. उभं राहून वरून घेतलेल्या शॉटमध्ये माणूस केविलवाणा दिसतो, आणि तो तसा दिसावा असं त्याला मुळीच वाटत नसतं. माईक हनुवटीखाली वीतभर. त्याने लेन्सकडे न पाहता तुमच्याकडे पाहावं. एकाला चौकटीच्या डावीकडे घेतलं तर पुढच्याला उजवीकडे, म्हणजे एडिटला सलग लावता येतात.

रेकॉर्डिंगच्या सुरुवातीलाच त्याच्याच तोंडून नाव, गाव, वय आणि किती एकर हे घ्या. ऑफिसात नाव चुकीचं लागलं तर मूळ इथे सापडतं. मग एकच प्रश्न विचारा आणि गप्प राहा: ‘काल रात्री काय झालं?’ ‘तुम्हाला कसं वाटतंय?’ हा प्रश्न ज्याचं पीक गेलं त्याला कधीही विचारू नका.

तो असं काही बोलेल: ‘सोयाबीन काढून बनीम लावली व्हती. रातच्याला वढ्याला पाणी आलं आन् आख्खी बनीम गेली. बियाला सुदिक ऱ्हायलं नाही.’ बारा सेकंद. यातला एक शब्दही दुरुस्त करायला सांगू नका. ‘साहेब, शुद्ध बोलू का?’ असं लोकच विचारतात, तेव्हा ‘घरी बोलता तसंच बोला’ म्हणा. डेस्कला ‘बनीम’ कळणार नाही, म्हणून स्क्रिप्टमध्ये लिहून द्या: बनीम, म्हणजे कापलेल्या पिकाची रचलेली गंज. तुमच्या पीटीसीतही (तुम्ही स्वतः कॅमेऱ्याकडे पाहून बोलता तो भाग) ‘पाणी वाढायलंय’ असं तोंडात आलं तर घाबरायचं कारण नाही. अर्थ कळतो आणि माणूस इथला आहे हेही कळतं.

निघताना त्याला सांगा की बातमी लागेलच असं नाही, आणि भरपाई मिळवून देणं तुमच्या हातात नाही. कॅमेरा आला म्हणजे पैसे येणार, असा समज होतो. तो वेळीच दूर केला नाही तर पुढच्या वेळी त्या गावात तोंड दाखवायला जागा राहत नाही.

आकडे, जे इथे रोज लागतात

मराठवाड्यातल्या बातम्यांतल्या बऱ्याच चुका पाण्याच्या आकड्यांत होतात. क्युसेक हा वेग आहे, टीएमसी हा साठा. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, म्हणजे सुमारे २८.३ लिटर. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, सुमारे २८.३ दशलक्ष घनमीटर. पाटबंधारे खातं दलघमीत (दशलक्ष घनमीटरमध्ये) आकडा देतं, म्हणून भागाकार यायला हवा. एक सोपं गणित पाठ ठेवा: ११,५७४ क्युसेकने चोवीस तास पाणी सोडलं की एक टीएमसी होतं. ‘एक लाख क्युसेक पाणी धरणात जमा’ असं कोणी लिहून दिलं तर ते वाक्यच चूक आहे.

पैठणच्या जायकवाडीचा, म्हणजे नाथसागराचा, एकूण साठा सुमारे १०२ टीएमसी. त्यातला उपयुक्त सुमारे ७६ आणि मृतसाठा सुमारे २६. धरण ‘शून्य टक्के’ झालं असं आपण म्हणतो तेव्हा उपयुक्त साठा संपलेला असतो, मृतसाठ्यातून पिण्याचं पाणी उचललं जातच असतं. ‘धरण कोरडं पडलं’ असा मथळा दिला की संभाजीनगरात टँकरसाठी धावपळ सुरू होते. धरणाला २७ दरवाजे आहेत आणि पूर्ण पातळी १,५२२ फूट. ‘सगळे दरवाजे उघडले’ एवढं सांगू नका. किती दरवाजे, किती फूट, किती वाजल्यापासून आणि एकूण विसर्ग किती, हे चारही सांगा. अर्धा फूट उचललेले १८ दरवाजे आणि चार फूट उचललेले १८ दरवाजे यांत गंगाथडीच्या (गोदावरीकाठच्या) गावांच्या जिवाचा फरक असतो.

नाशिक-नगरकडच्या धरणांतून पाणी सोडण्याचा वाद ऑक्टोबरात निघतो. १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरून पाणी सोडण्याचा प्रश्न येतो. या तारखेच्या आठवडाभर आधीच रोजचा आकडा वहीत टिपायला लागा.

पावसाचंही तसंच. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. त्यामुळे ‘तालुक्यात अतिवृष्टी’ म्हणण्याआधी कोणत्या मंडळात ते विचारा. एका मंडळात ९० आणि शेजारच्या मंडळात २० असं नेहमी होतं. पंचनाम्यात पिकाचं नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून जास्त भरलं तरच मदत मिळते. पैसेवारी (पिकाच्या उताऱ्याचा सरकारी अंदाज) ५० पैशांच्या खाली असेल तर टंचाईची स्थिती मानतात. आणि ती नजरअंदाज आहे, सुधारित आहे की अंतिम, हे विचारल्याशिवाय आकडा पडद्यावर जाऊ देऊ नका, कारण तिन्ही वेळा आकडा बदलू शकतो.

मोंढ्यात लातूरला सोयाबीन-तूर, हिंगोली-वसमतला हळद, जालन्याला मोसंबी. भाव सांगताना किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीनही सांगा, आणि आवक किती तेही. पाच कट्ट्यांना मिळालेला कमाल भाव ‘विक्रमी दर’ म्हणून लावला की दुसऱ्या दिवशी शेकडो शेतकरी ट्रॅक्टर भरून येतात आणि परत जातात.

स्क्रिप्ट आणि लाइव्ह

ऑफिसात बातमी कोणत्या रूपात हवी ते आधी विचारा. एव्हीबी म्हणजे अँकर वाचणार, चित्रं, एक बाईट. पाऊण मिनिटाचं काम. पॅकेज दीड-दोन मिनिटांचं: व्हीओ (चित्रांवर वाचलेला मजकूर), बाईट, व्हीओ, बाईट, पीटीसी. मराठी व्हीओ मिनिटाला १२० शब्दांच्या आसपास जातो, त्यावर लांबी ठरवा.

वरच्याच शेताची एव्हीबी अशी लिहिता येईल: ‘रात्रीच्या पावसाने ओढा फुटला आणि काढणी झालेलं सोयाबीन वाहून गेलं. गावातल्या चाळीस एकरांवर पाणी असल्याचा तलाठ्यांचा प्राथमिक अंदाज आहे. पंचनामे उद्यापासून सुरू होतील, असं तहसीलदारांनी सांगितलं.’ यात तीन गोष्टी पाहा. आकडा कोणाचा ते आकड्यासोबतच आलं. ‘प्राथमिक’ हा शब्द गाळला नाही. ‘अस्मानी संकट’, ‘बळीराजा हवालदिल’, ‘तोंडचा घास हिरावला’ यातलं काही नाही. हे शब्द इतके वापरून झालेत की आता ते कानावर पडतात आणि पुढे सरकतात. चिखलातल्या ताडपत्रीचा शॉट असताना त्यांची गरजही नाही.

लाइव्हला वीस मिनिटं आधी उभे राहा. अपलोडचा वेग मोजा, चारच्या आसपास एमबीपीएस मिळाला तर बरं चालतं. कमी असेल तर अ‍ॅपमध्ये दर्जा खाली आणा, चित्र थोडं मऊ झालेलं चालतं, अडकलेलं चालत नाही. आवाज इअरफोनवरच घ्या. फोनच्या स्पीकरवर घेतला किंवा शेजारी चहाच्या टपरीवर तेच चॅनल चालू असलं तर तुमचाच आवाज दोन-तीन सेकंदांनी परत येतो आणि जीभ अडखळते. टपरीवाल्याला विनंती करून आवाज बंद करून घ्या. अँकरचा प्रश्न पूर्ण ऐकू आल्यावरच बोला, मधल्या क्षणभराच्या शांततेला घाबरू नका. ती उपग्रहाची किंवा नेटची दिरंगाई आहे.

पहिल्या वाक्यात जागा आणि आत्ताची स्थिती. मग काय दिसतंय ते. ‘सूत्रांच्या माहितीनुसार’ हे शब्द जिभेवर येतील, तेव्हा स्वतःला विचारा की सूत्र कोण आहे आणि त्याला खरंच माहीत असण्यासारखं आहे का. अँकरने विचारलेलं माहीत नसेल तर ‘याबद्दल अधिकाऱ्यांनी अजून काही सांगितलेलं नाही’ असं बोलून मोकळे व्हा. मृतांचा आकडा अंदाजाने कधीही सांगू नका. तो जिल्हा शल्यचिकित्सक, तहसीलदार किंवा पोलीस यांच्यापैकी कोणाचं तरी नाव घेऊनच सांगावा.

मोठ्या सभेत, आंदोलनात टॉवरवर ताण येऊन सगळ्यांचीच रेंज जाते. २०२३च्या सप्टेंबरात अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या आंदोलनासाठी राज्यभरातून कॅमेरे आले, आणि त्याच वर्षी आंदोलनाच्या काळात बीड-जालन्याकडे इंटरनेटही बंद ठेवावं लागलं. अशा वेळी गर्दीच्या कडेला किंवा वाऱ्याच्या उलट बाजूच्या उंचवट्यावर जागा आधीच हेरून ठेवा, साध्या कॉलवर फोनो (फक्त आवाजाची बातमी) द्या, आणि दर दोन तासांनी मेमरी कार्ड घेऊन जिल्ह्याच्या हद्दीबाहेर जाणारा एक माणूस ठरवून ठेवा. दगडफेक सुरू झाली तर पोलीस आणि जमाव यांच्या मधे उभं राहू नये. बाजूला, पाठीशी भिंत आणि बाहेर पडायला गल्ली असेल अशी जागा धरा. बूमचा लोगो काही वेळा संरक्षण देतो, काही वेळा तोच निशाणा होतो. पत्रकारांवरच्या हल्ल्याविरुद्ध महाराष्ट्राचा २०१७चा स्वतंत्र कायदा आहे. मार बसला तर फक्त किरकोळ एनसीवर (अदखलपात्र नोंदीवर) समाधान मानू नका, त्या कायद्याखाली गुन्हा नोंदवायला सांगा.

ठाणं आणि कोर्ट

‘ताब्यात’ आणि ‘अटक’ वेगळे. ‘संशयित’, ‘आरोपी’ आणि ‘दोषी’ वेगळे. एफआयआरमध्ये नाव आहे म्हणून माणूस गुन्हेगार होत नाही. फिर्यादीचं म्हणणं हे फिर्यादीचंच म्हणून सांगा, आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याला फोन करून त्याची बाजू मागा. फोन उचलला नाही तर किती वाजता केला होता ते टिपून ठेवा.

लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यात पीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. पीडित बालक असेल तर पोक्सोचं कलम २३, आणि बाल न्याय कायद्याचं कलम ७४ लागू होतं. नाव लपवलं की काम झालं, असं नाही. तीनशे उंबऱ्यांच्या गावात शाळेचं नाव, आजोबांचा बाईट, घराचं निळं दार किंवा आरोपी ‘चुलत काका’ असल्याचा उल्लेख एवढ्यावरून सगळ्या पंचक्रोशीला कळतं. गावाचं नावही तालुक्यापर्यंतच ठेवा. चेहरा धूसर करण्याचं काम डेस्कवर सोडू नका, कारण लाइव्हमध्ये धूसर करता येत नाही. तो शॉट घेऊच नका.

जातीचा उल्लेख कधी करायचा, हे मराठवाड्यात फार जपून ठरवावं लागतं. विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनात काय जळलं, हे इथल्या जुन्या माणसांनी पाहिलं आहे. गुन्हा अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली असेल किंवा वादाचं कारणच जात असेल तर उल्लेख टाळणंही चूक ठरतं. दोन ट्रॅक्टरवाल्यांच्या भांडणात तो आणणं मात्र आगीत तेल ओतणं आहे.

संभाजीनगरच्या खंडपीठातली बातमी करताना न्यायमूर्तींचं तोंडी निरीक्षण आणि लेखी आदेश यांत गल्लत करू नका. ‘कोर्टाने फटकारलं’ असं लावून संध्याकाळी आदेशात तसं एक अक्षरही निघालं नाही, असं होतं. निवडणुकीत मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत प्रचाराचा मजकूर दाखवता येत नाही, हे ऑफिसला माहीत असतं. पण उमेदवाराच्या घरासमोर उभं राहून लाइव्ह देणाऱ्यालाच नेमका त्या वेळी त्याचा विसर पडतो.

आत्महत्या झालेल्या घरी

हे काम कोणी शिकवत नाही आणि इथे ते वारंवार करावं लागतं. घाईची गरज नसते, तेव्हा शक्य असेल तर सावडण्यापर्यंत थांबा. कॅमेरा गाडीत ठेवून आत जा. कोणाशी बोलायचं हे घरातल्यांनाच ठरवू द्या, आणि बाई नाही म्हणाली तर दिराकडून होकार मिळवू नका.

पद्धत दाखवायची नाही, सांगायचीही नाही. दोर, झाड, औषधाचा डबा यांचे शॉट नकोत. चिठ्ठी वाचून दाखवू नये. ‘कर्जाला कंटाळून’ हे दोन शब्द पहिल्या दिवशी लिहू नका. कारण अनेक असतात, आणि ते ठरवायची तुमची जागा नाही. लहान मुलांच्या चेहऱ्यावर कॅमेरा रोखू नका, तीच मुलं सोमवारी शाळेत जाणार असतात. बातमीसोबत टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक पडद्यावर द्यायला डेस्कला सांगा.

खरं काम त्यानंतर आहे. सातबारा कोणाच्या नावावर आहे? कर्ज बँकेचं, सोसायटीचं, मायक्रोफायनान्सचं की सावकाराचं, आणि सावकाराकडे परवाना आहे का? वसुलीचा तगादा कोण लावत होतं? जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे प्रकरण जातं आणि ते पात्र ठरलं तर कुटुंबाला एक लाख रुपयांची मदत मिळते. जमीन म्हाताऱ्या वडिलांच्या नावावर किंवा कर्ज खासगी माणसाचं निघालं तर प्रकरण अडू शकतं. दोन-तीन महिन्यांनी तहसीलमध्ये जाऊन पात्र-अपात्रतेची यादी मागा. मिळाली नाही तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज करा, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ‘अपात्र’च्या रकान्यातलं कारण वाचून त्या घरी परत गेलात तर ती स्टोरी त्या बाईच्या उपयोगाची होते.

वर्षं कशी जातात

पहिली दोन वर्षं ब्रेकिंगच्या मागे जातात. नंतर एक विषय स्वतःचा करा: पाणी, ऊसतोड, शिक्षण, पीकविमा, रेल्वे. त्या विषयाचे जीआर, अर्थसंकल्पातले आकडे आणि अधिकारी माहीत असले की मुंबईहून तुम्हालाच फोन येतो. डेस्कवर जायचं असेल तर एडिट आणि मराठी टायपिंग पक्कं करा. मुंबईत जायचं असेल तर जिल्ह्यातल्या दहा उत्तम स्टोरी एका जागी जोडून ठेवा.

जिल्हा माहिती कार्यालयातून अधिस्वीकृतीची (पत्रकार म्हणून सरकारी मान्यतेची) अट आणि अर्ज विचारून घ्या, पण त्यासाठी नियुक्तीचं पत्र आणि कामाचा पुरावा लागतो, जो स्ट्रिंगरकडे नसतो. म्हणून वर म्हटल्याप्रमाणे सुरुवातीलाच सगळं लेखी घ्या. गंभीर आजारात शंकरराव चव्हाण सुवर्ण महोत्सवी पत्रकार कल्याण निधीतून मदतीसाठी अर्ज करता येतो. तरीही स्वतःचा आरोग्यविमा आणि अपघातविमा काढाच. रात्री एक वाजता हेल्मेटशिवाय अपघाताच्या जागी निघालेला रिपोर्टर स्वतःच अपघात होऊन बसतो. पुराच्या पाण्यात गाडी घालू नका. २०२५च्या सप्टेंबरात सीना, मांजरा आणि सिंदफणेच्या काठी रस्ता कुठे संपतो आणि नदी कुठे सुरू होते ते कळत नव्हतं.

आणि शूट पुसू नका. २०१६च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, त्या वेळच्या टाकीवरच्या रांगा, घागरी आणि टँकरचे शॉट आजही प्रत्येक दुष्काळात शोधले जातात. ज्यांनी ठेवले त्यांच्याकडेच ते आहेत. रात्री झोपण्याआधी कार्ड दोन हार्ड डिस्कवर उतरवा, एक घरी आणि एक दुसऱ्याच्या घरी. फोल्डरला वर्ष-महिना-तारीख, तालुका, गाव आणि विषय या क्रमाने नाव द्या, म्हणजे यादी आपोआप तारखेप्रमाणे लागते. आत एक साधी मजकुराची फाइल ठेवा: कोण बोललं, त्यांचा फोन, कोणता शॉट दाखवायचा नाही आणि का. दर वर्षी दिवाळीनंतर जुनी डिस्क लावून चालते का ते पाहा. चार-पाच वर्षांनी ती बदला.